चैनीचा रकाना

"शिक्षिकेने विषय वर्गात शिकवलेलाच दिसत नाही." हे वाक्य माझं आहे. माझ्या हातानं, हिंदीत, निळ्या पेनानं लिहिलेलं. एका बाईची नोकरी त्या वाक्याला टांगलेली होती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच भांडणार आहे. भांडणाऱ्या माणसाचं स्वतःचं काय चुकलं होतं, ते ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच माहीत असावं.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. कालपर्यंत ज्या बंगल्यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावधान' लिहिलेलं असायचं, तिथे रातोरात संस्थांच्या पाट्या लागल्या. दिल्लीहून, भोपाळहून, पुण्याहून माणसं येत होती. नवं राज्य आहे, इथे सगळं नव्यानं मोजायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी अर्थशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षं घरी बसले होते. तेलीबांध्याला तलावासमोरच्या एका घरात असंच एक ऑफिस निघालं आणि मला तिथे करारावर काम मिळालं. तलावाचा वास येतो म्हणून आमच्या खिडक्या बाराही महिने बंद असत.

काम असं होतं. एका मोठ्या संस्थेनं प्राथमिक शाळांमध्ये अर्थशास्त्राचे धडे सुरू केले होते. गरज कशाला म्हणायचं, निवड कशी करायची, देवाणघेवाण म्हणजे काय, हे तिसरी ते पाचवीच्या मुलांना खेळातून, चित्रांतून शिकवायचं. शिकवणारे वेगळे होते. मुलांना ते आलं की नाही हे मोजणारे आम्ही. धडे सुरू होण्याआधी एक पेपर घ्यायचा, वर्ष संपताना तोच पेपर पुन्हा घ्यायचा, आणि मधल्या फरकाला 'परिणाम' म्हणायचं. मला हे फार आवडलं होतं. मोजणं या शब्दाचा मला तेव्हा जरा गर्वच होता. आपण मास्तरांसारखं अंदाजे बोलत नाही, मोजून बोलतो, असा काहीतरी ताठा.

आमचे साहेब पुण्याचे. नुकतेच बदलून आले होते आणि रायपूरचं ऊन, धूळ आणि माझं मराठी या तिन्ही गोष्टी त्यांना सारख्याच सोसत नसत. "तुम्ही मराठी बोलता की हिंदीला मराठीची फोडणी देता?" असं विचारायचे. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. शिपायाला "मेरेको पानी लगता है" म्हणणाऱ्या माणसानं माझ्या भाषेच्या फोडणीबद्दल बोलू नये, हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं होतं. ते हसले होते. तसे माणूस वाईट नव्हते. फक्त त्यांना परत पुण्याला जायचं होतं, आणि त्यासाठी हा अहवाल वेळेवर आणि नीटनेटका जायला हवा होता.

आता आमच्या घरचं थोडं सांगते, कारण गडबडीचं मूळ तिथे आहे. बाबा रेल्वेत कारकून होते. अकोल्याकडचं घर, नोकरी नागपूरहून इकडे, आणि निवृत्तीनंतर चौबे कॉलनीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आमच्या घरात जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच भाग होते. एक गरज, दुसरा चैन. वाटणी बाबा करत. शाळेचे बूट गरज, चपला चैन. बैठकीच्या खोलीतला पंखा गरज, कारण पाहुणे येतात. स्वयंपाकघरात पंखा चैन. मे महिन्यात रायपूरच्या भिंतींना हात लावला तर चटका बसतो, अशा दिवसांत आई पोळ्या लाटायची आणि दर दोन पोळ्यांनंतर पदरानं मान पुसायची. मी नववीत असताना एकदा विषय काढला. बाबा म्हणाले, "रांधनीत पंखा? गॅस विझते त्यानं. आन् कोनाले लागते तिथं पंखा? चैन हाय ते." कोणाला लागतो, ती तिथेच उभी होती. तिनं मान वर केली नाही. मी मात्र ते वाक्य विसरले नाही, आणि माझी समजूत होती की मी ते फक्त रागानं लक्षात ठेवलं आहे.

पेपर दिल्लीहून इंग्रजीत आला. त्याचं हिंदी करायचं काम माझ्याकडे आलं. पहिलाच आणि सगळ्यात मोठा भाग होता गरजेच्या वस्तू आणि लक्झरीच्या वस्तू यांचा. दहा वस्तूंची चित्रं, खाली दोन रकाने, आणि शेवटी एक मोकळी ओळ, की तुमच्या घरी अशी कोणती वस्तू आहे आणि का. मी पेन न उचलता लिहीत गेले. एका रकान्यावर 'ज़रूरत', दुसऱ्यावर 'चैन'. मोकळ्या ओळीवर 'तुम्हारे घर में चैन की चीज़ कौन-सी है? क्यों?' विचार करायची वेळच आली नाही, इतका तो शब्द हाताशी होता.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. एकानं भाषांतर केलं की दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत करायचं. दोन्ही जुळलं तर भाषांतर बरोबर. ते उलट भाषांतर साहेबांनी केलं. माझ्या 'चैन'समोर त्यांनी 'लक्झरी' लिहिलं. शब्दाला शब्द जुळला. साहेब म्हणाले, "परफेक्ट! बघा, जमतंय की तुम्हाला." त्या दिवशी त्यांनी चहाबरोबर समोसे मागवले.

पेपर चालतो का हे बघायला आम्ही तो आधी आमच्याच कॉलनीजवळच्या एका खासगी शाळेत दिला. तिथल्या मॅडमनी वर्गात शिरतानाच सांगून टाकलं, "चैन यानी लग्ज़री, बच्चों." मुलांनी टीव्ही, मोटारगाडी, सोन्याचे दागिने पटापट दुसऱ्या रकान्यात टाकले. आम्ही खूश झालो आणि पेपर छापायला दिला.

वर्षाच्या शेवटी गठ्ठे आले. माझं काम उत्तरं तपासून खुणा करायचं. बऱ्याच शाळा बऱ्या निघाल्या, मुलं पुढे सरकलेली दिसत होती. बीरगावची एक शाळा मात्र चक्क मागे गेली होती. धडे सुरू होण्याआधी मुलांनी जे बरोबर लिहिलं होतं, तेही वर्षभर शिकून चुकलं होतं. असं कसं होईल? मी पेपर उलटेपालटे करून पाहिले. सगळ्या कागदांवर काळ्या बोटांचे ठसे होते. आणि 'चैन'च्या रकान्यात काय, तर खाट. औषधाची बाटली. भात. टीव्ही तर कित्येकांनी कुठेच टाकला नव्हता, चित्रावर नुसती काट मारली होती. मला आधी हसू आलं, मग राग. भात ही चैनीची वस्तू? या बाईनं वर्षभर केलं तरी काय?

मोकळ्या ओळीवर एका मुलीनं लिहिलं होतं, 'दाई'. दाई म्हणजे छत्तीसगढीत आई. तो कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, हे बघा. आई ही चैनीची वस्तू!" साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले मी. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मग मी ते वाक्य लिहिलं. शिक्षिकेने विषय वर्गात शिकवलेलाच दिसत नाही. त्याचा अर्थ काय होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. ती बाई शिक्षाकर्मी होती, म्हणजे करारावरची शिक्षिका. त्या वर्षी अशांच्या नोकऱ्या पक्क्या करण्याची यादी शिक्षण खात्यात बनत होती आणि आमच्या अहवालातले शेरे त्या यादीसोबत जोडले जाणार होते. माझा शेरा तिकडे पोचला की ती यादीतून बाहेर. हे माहीत असून मी लिहिलं, कारण मी मोजून बोलत होते.

असा शेरा द्यायचा तर एक रीत पाळावी लागे. त्या शाळेत जाऊन शिक्षिकेला तो दाखवायचा आणि तिची सही आणायची. मी टेम्पोत बसून बीरगावला गेले. बीरगाव म्हणजे उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या कुशीतलं गाव. तिथल्या कडुलिंबाची पानं हिरवी नसतात, काजळी बसून काळपट झालेली असतात. वर्गात मुलं बसायच्या आधी तळहातानं तरटाची टाटपट्टी झाडत होती आणि तोच हात चड्डीला, फ्रॉकला पुसत होती. तेव्हा मला कागदावरच्या ठशांचा उलगडा झाला. ती मुलं घाणेरडी नव्हती. फक्त आमचा पेपर द्यायच्या आधी त्यांनी जागा स्वच्छ केली होती.

शिक्षिका माझ्याच वयाची असेल. साडीचा पदर पिनेनं घट्ट लावलेला, हातावर खडू. तिनं माझा कागद उभ्या उभ्याच वाचला. रडेल असं मला वाटलं होतं, म्हणून मी मनात दोन-चार समजुतीची वाक्यं तयार ठेवली होती. ती म्हणाली, "मैंने पढ़ाया है, दीदी."

"बच्चों के पेपर कुछ और कह रहे हैं," मी म्हणाले.

ती कपाटातून मुलांच्या वह्या घेऊन आली. पानापानांवर धडा होता. चित्रं कापून चिकटवलेली, खाली मुलांच्या अक्षरात कारणं. फक्त रकान्यांवर 'ज़रूरत' आणि 'शौक' असं लिहिलेलं होतं. शिकवण्याची पुस्तकं भोपाळच्या लोकांनी बनवली होती आणि त्यात लक्झरीला 'शौक' म्हटलं होतं. आम्ही मोजणारे, आम्ही ती पुस्तकं उघडायची नसतात. उघडली तर आमची मोजणी पक्षपाती होते, असा नियम.

तिनं पहिल्या ओळीतल्या एका मुलीला उभं केलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, रिबिनींच्या कडा काळ्या झालेल्या. मी विचारलं, "खाट?" "जरूरत." "दवाई?" "जरूरत." "सोने की बाली?" "शौक." "टीवी?" "शौक." एकही चूक नाही. पोट्टी धडाधडा सांगत होती.

"तो फिर पेपर में खाट को उधर क्यों लिखा?" मी तिच्यावर जवळजवळ खेकसलेच.

ती गोंधळली नाही. उलट मीच काहीतरी विसरतेय अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "ओमा त चैन पूछे रहेव, दीदी." त्यात तर तुम्ही चैन विचारलं होतं.

"हाँ. तो चैन मतलब?"

"जेमा बने लागथे." ज्यात बरं वाटतं ते. मग मला काही कळत नाहीये असं बघून ती सावकाश समजावू लागली. ददा, म्हणजे बाप, कारखान्यातून येतो आणि खाटेवर पडतो, तर त्याला चैन. दादीला खोकला आहे, औषध घेतल्यावर तो थांबतो, मग घरातले सगळे झोपतात, तर सगळ्यांना चैन. भात खाल्ल्यावर चैन. "अउ टीवी?" मी विचारलं. "टीवी त बाजू घर के आय," ती म्हणाली. "दिन भर चिल्लाथे." सगळा वर्ग हसला.

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "दाई किसने लिखा था?"

"मैं लिखे रहेंव. दाई काम मं जाथे न. इतवार के घर मं रहिथे."

एवढंच. आई कामावर जाते, रविवारी घरी असते.

शिक्षिका हळूच म्हणाली, "चैन तो यही होता है न, दीदी? आपने क्या सोचकर लिखा था?"

माझे कान तापले. मी रायपुरात जन्मले. 'चैन से बैठो', 'एक पल का चैन नहीं' हे मी रोज ऐकत आणि बोलत आले. हिंदीत चैन म्हणजे स्वस्थता, निवांतपणा, हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? पण पेन हातात घेतल्यावर माझ्या आत हिंदी बोलणारी मी बसलेली नव्हती. तिथे बाबा बसले होते, चष्मा लावून, वस्तूंची वाटणी करत. मी मराठी शब्द हिंदी अक्षरांत लिहिला होता. आणि तो तपासला कोणी, तर पुण्याच्या दुसऱ्या मराठी माणसानं! हिंदी शब्दाची परीक्षा आम्ही दोघांनी आपसात घेतली आणि त्याला मराठीत पास करून समोसे खाल्ले.

"पण मग बाकीच्या शाळांमध्ये मुलांनी बरोबर कसं लिहिलं?" मी हिंदीत असं काहीतरी पुटपुटले. शिक्षिका पहिल्यांदा हसली. "आपका ही नियम था न, कि पेपर के समय टीचर बाहर खड़ी रहेगी. मैं बाहर खड़ी थी."

मला लख्ख आठवलं. मी ज्या शाळांत पेपर घ्यायला गेले होते, तिथे मास्तर लोक बाकांमधून फिरत होते, वाकून वाकून कानात सांगत होते. मी ते पाहिलं होतं आणि त्यांच्या नावापुढे 'सहकार्य उत्तम' असं लिहिलं होतं. जी बाई नियमाप्रमाणे दाराबाहेर उन्हात उभी राहिली, जिच्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचा खरोखर विचार केला, तीच नापास. पहिल्या पेपरला त्या मुलांनी काहीही न कळता खुणा केल्या होत्या, म्हणून काही बरोबर आल्या. वर्षभर विचार करायला शिकल्यावर त्यांच्या सगळ्या चुकल्या.

कागद तिनं मला परत दिला. "लिखना हो तो लिखिए. मैं दस्तख़त नहीं करूँगी. मेरे बच्चों ने सही लिखा है."

विनवणी नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला तिचा हेवा वाटला.

ऑफिसात पोचले तेव्हा साहेब शेवटचा मसुदा वाचत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, पण चैन म्हणजे चैनच ना?" त्यांना समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी शिपायाला बोलावून विचारलं, "भैया, चैन का मतलब?" तो म्हणाला, "आराम, साहब. जो इस ऑफिस में नहीं है." तेव्हा कुठे साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दार लावून घेतलं.

"म्हणजे हा अख्खा भाग सगळ्याच शाळांमध्ये बाद," ते म्हणाले.

"हो."

"परत पेपर घ्यायचे म्हणजे अजून एक वर्ष."

"हो."

त्यांनी मसुदा मिटून बाजूला ठेवला. मग एकदम मवाळ आवाजात म्हणाले, "हे बघा, चूक आपल्या दोघांची आहे. शब्द तुमचा, शिक्का माझा. कोणाला कळणार आहे?"

"त्या बाईला कळलंय."

"ती कोणाला सांगणार? आणि तिचं ऐकणार कोण?"

ते हे दुष्टपणानं बोलले नाहीत. घड्याळात किती वाजले सांगावं तसं बोलले. माझं डोकं तिथेच फिरलं. आरडाओरडा करून बोलले असते तर कदाचित मी रडले असते आणि घरी गेले असते. पण तिचं ऐकणार कोण, हे इतक्या सहज म्हणणाऱ्या माणसासमोर मी रडणार नव्हते. स्वयंपाकघरात पंखा कोणाला लागतो, असं विचारणारा आवाजही असाच साधा होता.

"शेरा काढा," मी म्हणाले.

"शेरा काढला तर का काढला ते लिहावं लागेल. आहे तसं जाऊ द्या. मंगळवारच्या बैठकीत तुम्ही आहे तसं वाचायचंय." माझा करार महिनाअखेरीला संपत होता, याची आठवणही त्यांनी हळूच करून दिली.

त्यांच्या सगळ्या हिशेबात एकच भोक होतं. खात्यातल्या अधिकाऱ्यांपुढे अहवाल हिंदीत वाचायचा होता, आणि साहेबांना हिंदी धड बोलता येत नव्हती. वाचणार मीच होते.

घरी आईनं चेहरा बघून विचारलं, "काहून वो, तोंड असं काहून करून राहिली?" मी म्हटलं, नोकरी जाईल कदाचित. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पोट्टी इतकी शिकली, आन् नोकरी ठेवता येत नाही." उत्तर मी मंगळवारसाठी राखून ठेवलं होतं.

बैठक मोठ्या टेबलाभोवती होती. नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, हललं की कुरकुरायचं. मुख्य जागी शिक्षण खात्यातल्या एक वयस्क बाई होत्या, पांढरे केस, दोरीत अडकवलेला चष्मा. मी वाचत गेले. उद्देश, पद्धत, शाळांची निवड. बीरगावच्या पानावर आले आणि थांबले. कागद टेबलावर ठेवला.

"मैडम, आगे पढ़ने से पहले एक बात पूछूँ? चैन का मतलब क्या होता है?"

साहेबांची खुर्ची कुरकुरली. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चैन? आराम, सुकून. क्यों? जो मुझे रिटायर होने के बाद मिलेगा." दोघं-तिघं हसले.

मी मुलांचे कागद काढले आणि वाचायला लागले. खाट, कारण ददा कामावरून येऊन पडतो. औषध, कारण खोकला थांबतो. भात. दाई, क्योंकि इतवार को घर में रहती है. एकेक वाचून प्रत्येकानंतर विचारलं, "मैडम, सही या ग़लत?" पहिल्या तिन्ही उत्तरांना त्या "सही" म्हणाल्या. चौथ्याला त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बिलकुल सही. किसने ग़लत किया इसको?"

"मैंने," मी म्हणाले. "शब्द भी मेरा था. मराठी में चैन का मतलब ऐश होता है. मैंने मराठी में पूछा, बच्चों ने हिंदी में जवाब दिया, और मैंने उनकी टीचर के नाम पर लिख दिया कि पढ़ाया नहीं."

एक तरुण अधिकारी कंटाळून म्हणाला, "ठीक है, लेकिन फिर प्रोग्राम का असर कितना हुआ? वह तो बताइए."

"मालूम नहीं, सर. हमने बच्चों का अर्थशास्त्र नहीं नापा. हमने अपनी मराठी नापी है."

साहेब फाइलमध्ये तोंड घालून बसले होते. बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "जो लिखा है, काटिए. मेरे सामने." मी काटलं. त्याच निळ्या पेनानं, दोनदा, खालचं अक्षर दिसणार नाही असं. मग शेजारी सही केली. इतक्या आनंदानं मी आजवर कुठेच सही केलेली नाही.

महिनाअखेरीला माझा करार वाढवला नाही. कारण लिहिलं होतं, शिस्तीचा अभाव. हे मात्र बरोबर मोजलं होतं. जिन्यात साहेब भेटले. थोडे दुखावलेले, थोडे ओशाळलेले. "एका शब्दासाठी नोकरी घालवलीत तुम्ही," म्हणाले.

"शब्दासाठी नाही साहेब. वाक्यासाठी."

बीरगावच्या शिक्षिकेचं नाव यादीत राहिलं. हे मला तिनंच सांगितलं, कोपऱ्यावरच्या पीसीओवर फोन करून. आभार वगैरे मानले नाहीत, मीही अपेक्षा केली नव्हती. ज्यानं घर जाळलं त्यानंच पाणी मारलं, तर त्याचे कसले आभार? फक्त एवढं म्हणाली, की त्या मुलीनं विचारलंय, दीदीला चैनचा अर्थ कळला का.

पुढे मी मोजमापाचीच कामं केली. मोजण्याला माझा विरोध नाही. पण कोणी मला गरिबांच्या पोरांच्या अडाणीपणाचा आकडा दाखवला की मी आधी प्रश्नपत्रिका मागते. लोक चिडतात. चिडू देत.

शेवटच्या पगारातून मी गोल बाजारातून भिंतीवर लावायचा एक पंखा घेतला. विजेच्या माणसाला सोबतच घेऊन आले आणि स्वयंपाकघरात, ओट्यापासून बाजूला, गॅसला वारा लागणार नाही अशा बेतानं तो बसवून घेतला. दुपारची वेळ होती. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"हे काहून आनलं? नोकरी गेली, आन् पंखा आनून राहिली. चैन हाय हे."

"हव बाबा," मी म्हणाले. "चैनच हाय."

मी बटण दाबलं. गॅस विझला नाही. आईनं उरलेल्या पोळ्या लाटल्या, तवा उतरवला, गॅस बंद केला. रोज ती तेवढं झालं की घाईनं बाहेरच्या खोलीत यायची, पंख्याखाली. आम्ही दोघं ताटं मांडून बसलो. ती आली नाही. बाबांनी एकदा हाक मारली. पुन्हा मारली. मी डोकावून पाहिलं, तर आई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, डोळे मिटून, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस उडत होते.

"अहो, येते ना," डोळे न उघडता ती म्हणाली. "बसू द्या मले जरासं चैनीनं."